माझ्याकडे नसलेलं पिस्तूल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याला निवडणुकीआधी ते पोलिस स्टेशनात जमा करावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. पण ज्याच्याकडे पिस्तूल नाही, कधी नव्हतं, जो दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीकडेसुद्धा कानावर हात ठेवूनच बघतो, अशा माणसाला पिस्तूल जमा करायचं बोलावणं आल्याचं कधी ऐकलंय? नाही ना? मग कॉफी घ्या आणि नीट टेकून बसा. तो माणूस मी.

आधी एक सांगून टाकतो. आम्ही तंजावरचे मराठी. घरात जे बोलतो ते जसंच्या तसं लिहिलं, तर तुम्हाला वाटेल की जुन्या दप्तरातला कागद सापडला आणि त्यावर कोणीतरी सांबार सांडलं. म्हणून लिहिताना मी तुमच्यासारखं लिहितो. माणसं मात्र आपापल्या तोंडचंच बोलतील, त्यांना मी आवरू शकत नाही.

तर या सगळ्याच्या मुळाशी आहेत आमचे साडू, सेतुमाधवराव. माझी बायको अंबुजा, तिची धाकटी बहीण सरोजा, आणि सरोजाचे हे यजमान. पापनाशमला त्यांची राइस मिल आहे, इथे तंजावरात मेडिकल कॉलेज रस्त्याला बंगला आहे. माणूस वाईट आहे का? नाही, आणि तोच तर त्रास आहे. वाईट असता तर मी सुखाने त्याचा राग केला असता. हा गृहस्थ मला वाकून नमस्कार करतो, ‘अण्णा, अण्णा’ करतो, आणि माझ्या पुढे निघून जातो.

मी ओरत्तनाड्याला सरकारी ऑफिसात हेड क्लार्क. बसने जातो, बसने येतो. मी स्कूटर घेतली, तेव्हा त्यांनी मोटार घेतली. मी घराला रंग दिला, तेव्हा त्यांनी घरच नवं बांधलं. सासूबाईंकडे पंगत बसली की माझ्या पानात पोळी पडते, आणि त्यांच्या पानात पोळी पडून वर ‘आणखी एक घ्या हो’ पडतं. मला पोळी कमी पडत नाही हो. तो ‘घ्या हो’ कमी पडतो.

हेवा वाटतो का, असं विचाराल तर वाटतो. पोटात चक्क दुखतं. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्यात, मी घेतोही. पण ते पित्त पापनाशमचं आहे हे मला ठाऊक आहे.

गेल्या नवरात्रात आयुधपूजेला त्यांच्या मिलमध्ये सगळ्यांना बोलावणं होतं. आमच्या इकडे त्या दिवशी ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. शिंप्याचं मशीन, सुताराची करवत, ड्रायव्हरची लॉरी, सगळ्यांना चंदनाचा ठिपका आणि कुंकू. मी ऑफिसात माझ्या स्टेपलरला कुंकू लावून गेलो होतो. मिलच्या दाराला केळीचे खांब, यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि मधोमध पाटावर केळीचं पान. पानावर काहीतरी काळं, चकचकीत.

“हें काय?” मी विचारलं.

“पिस्तूल, अण्णा,” सेतुमाधवराव लाजत म्हणाले. खरंच लाजले हो, नव्या नवरीसारखे. “लायसन मिळालें. मोसमांत रोकड घेऊन एकट्यास यावें लागतें, सरोजा भितें. सरकारी कारखान्याचें आहे, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण जागेवर येतें. आणि महाग इल्लै, अण्णा. आपल्यासारख्यांस परवडतें.”

आपल्यासारख्यांस. आता यात मला ओढायची काही गरज होती का?

सासूबाईंनी आरती केली. मग पिस्तुलाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “सेतुमाधवरावांस शोभतें.” अंबुजा पुढे वाकून बघत म्हणाली, “केवढें सुबक आहे.” लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही वस्तूला ही बाई सुबक म्हणालेली नाही. माझ्या मिशीलाही नाही. मिलचा मॅनेजर, लॉरीचा ड्रायव्हर, भटजी, जो तो येऊन बघत होता आणि मान डोलावत होता.

मग सेतुमाधवराव माझ्यासमोर आले. “अण्णा, तुम्ही अजून कांही बोललां नाही. कसें आहे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘छान आहे’ एवढंच म्हणायचं होतं. मोजून दोन शब्द. तोंड उघडलं, जीभ हलवली, पण शब्द काही बाहेर येईनात. घशात प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंदल अडकलं म्हणावं तर तेव्हा अजून सुंदल वाटलंही नव्हतं.

“बघू,” मी म्हणालो. “जे वापरतात त्यांचं मत काय आहे, ते बघायला पाहिजे.”

झालं. या एका वाक्याने माझा घात केला.

घरी आल्यावर मी आरामखुर्चीत बसलो, चष्मा लावला आणि फोनवर त्या पिस्तुलाची कुंडली काढायला घेतली. तुम्हाला सांगतो, या देशात पिस्तूलवाल्यांची एक वेगळी जमात आहे. इंटरनेटवर त्यांचा अड्डा आहे. पंजाबातला ट्रान्सपोर्टवाला, लखनौचा वकील, कूर्गचा कॉफीवाला, केरळातला सोनार, सगळे तिथे जमतात आणि आपापल्या पिस्तुलाबद्दल लिहितात. आणि काय लिहितात म्हणून सांगू? ट्रिगर कडक आहे. पकड हाताला चावते. मॅगझीनमधली शेवटची गोळी अडते. घामाने रंग उडतो. केरळातल्या सोनाराने तर लिहिलं होतं, मुंडूच्या, म्हणजे त्यांच्या लुंगीच्या, कमरेला खोचलं की पिस्तूल जागेवर राहतं आणि मुंडू खाली जातो.

वाचता वाचता माझं पोट दुखायचं थांबलं. इतकं बरं वाटलं मला, इतकं बरं वाटलं. एकेक तक्रार वाचत होतो आणि मनात सेतुमाधवरावांच्या मिशीवर पाण्याचा शिपका मारत होतो.

एक गोष्ट मात्र मी बघूनही बघितली नाही. प्रत्येक जण भरपूर रडगाणं गाऊन झालं की शेवटी लिहायचा, ‘पण या किमतीत याहून चांगलं मिळत नाही, आणि मी तर हे विकणार नाही.’ माणूस घरच्या जावयाबद्दल बोलतो ना, तसंच. ते शेवटचं वाक्य मी गाळून पुढे जायचो.

आणखी तक्रारी त्या अड्ड्याच्या आतल्या दालनात होत्या, पण तिथे फक्त मालकांना प्रवेश होता. तुमचं हत्यार कुठलं, असं विचारलं होतं. मी सेतुमाधवरावांचंच पिस्तूल लिहिलं. कधीपासून आहे? बऱ्याच वर्षांपासून. आत गेलो तर पंजाबच्या ट्रान्सपोर्टवाल्याने लगेच स्वागत केलं, ‘या रावसाहेब, तुमचा अनुभव सांगा.’ मी काय सांगणार? लखनौच्या वकिलाची तक्रार थोडी फिरवून सांगितली. लखनौचा वकील म्हणाला, ‘अगदी माझ्या मनातलं बोललात.’

दिवाळीला सासूबाईंकडे सगळे जमलो. पान वाढून झालं, डांगर आलं, सार आलं, आणि सरोजाने पिस्तुलाचा विषय काढला. मी वाटच बघत होतो.

“ट्रिगर कडक लागत असेल,” मी सहज म्हणालो.

सेतुमाधवरावांचा घास हातातच राहिला. “लागतो, अण्णा. तुम्हांस कसें ठाऊक?”

“लागायचाच. आणि शेवटची गोळी अडेल, बघा. एक कमीच भरत जा. घामाचा हात लावू नका, आपल्या तंजावरच्या हवेत रंग टिकत नाही. आम्हां वापरणाऱ्यांचं सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.”

‘आम्हां’ कुठून आलं, ते मला अजून कळलेलं नाही. आलं आणि पंगतीत बसलं. सरोजा म्हणाली, “भावजी, इतकें कोठून शिकलां?” मी नुसता हसलो. आणि तेवढ्यात, खोटं नाही सांगत, सासूबाई माझ्या पानाजवळ येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, “आणखी एक पोळी घ्या हो.”

मी दोन घेतल्या. पोट भरलेलं होतं तरी घेतल्या.

हात धुताना सेतुमाधवराव मागे आले आणि हळूच म्हणाले, “अण्णा, मज सांगा. तुमच्याकडेही आहे?”

आता नाही म्हणायला काय लागत होतं? पण त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मला तोंडच उघडवेना. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघत होता. मी पुन्हा हसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “कोणास सांगत नाही.”

आणि खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त सरोजाला सांगितलं. सरोजाने फक्त आईला सांगितलं. सासूबाईंनी फक्त देवळातल्या बायकांना सांगितलं. पोंगल येईपर्यंत आमच्या रस्त्यावरचा पेपरवाला पेपर फेकायचा सोडून हातात आणून द्यायला लागला. समोरचा तमिळ शेजारी रोज माझ्या फाटकासमोर मोटरसायकल लावायचा, ती त्याने न सांगता हलवली. मला काही कळलं नाही, असं म्हणणार नाही. सगळं कळलं. मला आवडलं.

पण एकट्या अंबुजाला कोणी काही सांगितलं नव्हतं, कारण तिला माहीत असणारच असं सगळ्यांनी धरलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग तिरुवैयारुला एक लग्न निघालं. पंगतीत माझ्या शेजारी एक भारदस्त गृहस्थ बसले होते. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, मिशी मात्र अशी की तिला वेगळं पान वाढावं. मुलाकडचे कोणी तमिळ स्नेही असावेत असं मला वाटलं. पलीकडून सेतुमाधवरावांनी माझी ओळख करून दिली, “हे आमचे अण्णा. हत्यारांतलें यांस सर्व समजतें.” त्या गृहस्थांनी तमिळमध्ये विचारलं, “असं? तुमच्याकडे कुठलं आहे?”

सेतुमाधवराव ऐकत होते. मी काय करणार होतो, सांगा. “यांचं आहे तेच,” मी म्हणालो. “पण माझं जुनं. माझ्यात शेवटची गोळी अजून अडते.”

“लायसन कुठल्या स्टेशनचं?”

“आपल्याच.”

“बरं,” ते म्हणाले आणि पायसम प्यायला लागले. फार सावकाश प्यायले. मला तेव्हाच काही वाटायला हवं होतं.

निवडणूक जाहीर झाली. भिंतींवर चुना आणि नावं चढली, लाउडस्पीकर सुरू झाले. आणि एका सकाळी मी पेपर वाचत असताना दारात कॉन्स्टेबल उभा राहिला. हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाला, “सार, सगळ्यांची हत्यारं जमा होत आली. तुमचंच पिस्तूल राहिलंय. इन्स्पेक्टर सार वाट बघतायत.”

अंबुजा कॉफीचा पेला-डबरा घेऊन बाहेर येत होती. ती तिथेच थांबली.

“कोणतें पिस्तूल?”

“काही नाही गं, गैरसमज झालाय.”

“गैरसमज इल्लै अम्मा,” कॉन्स्टेबल म्हणाला. “सारांनी स्वतः सांगितलंय. शेवटची गोळी अडते म्हणाले.”

अंबुजा आत गेली. मला वाटलं रागाने गेली. पण आतून डबे वाजायला लागले. जाऊन बघतो तर तिने तांदळाचा डबा उपसला होता, जुन्या साड्यांची ट्रंक उघडली होती, आणि आता नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्यांची पेटी पालथी घालत होती.

“अगं, काय करतेस?”

“कोठे ठेवलें आहे तें सांगा. माझ्यापासून लपवलें तुम्ही, इतकी वर्षें?”

आणि तुम्हाला खरं सांगू? तिने माझ्याकडे जे बघितलं, त्यात राग होता, पण थोडा आदरही होता. क्षणभर मला वाटलं की काही सांगूच नये. एवढा नालायक मी. पण कॉन्स्टेबल दारात होता. मी म्हणालो, “नाही गं. माझ्याकडे पिस्तूल नाही. कधी नव्हतं.” तो आदर जिथून आला होता तिथे परत गेला, मी डोळ्यांनी बघितला जाताना. ती म्हणाली, “मीही येतें स्टेशनात.”

स्टेशनात बाकावर हत्यारं जमा करायला आलेली मंडळी ओळीने बसली होती. जुन्या वेष्टीत दुनळी बंदूक गुंडाळून आणलेले एक म्हातारे मिरासदार, बँकेचा पहारेकरी, आणखी दोघं-तिघं. टेबलामागून इन्स्पेक्टरांनी मान वर केली. कपाळाला विभूती नव्हती आज. मिशी तीच होती.

“या सार,” ते म्हणाले. “गोळी अजून अडते का?”

“सार, माझ्याकडे पिस्तूल नाही.”

“लग्नात होतं.”

“लग्नातही नव्हतं. मी थाप मारली.”

“बिनपरवाना पिस्तूल ठेवणारा प्रत्येक माणूस या टेबलासमोर हेच म्हणतो,” ते शांतपणे म्हणाले. “तुमच्या नावावर लायसन नाही, ते मी बघितलं. आता पिस्तूल आणून दिलंत तर काही बोलता येईल. मी शोधायला आलो आणि सापडलं, तर अटक. सरकारी नोकर ना तुम्ही? मग पुढचं मी सांगायला नको.”

नोकरी, पेन्शन, रस्त्यावर हातात पेपर देणारा पेपरवाला, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. जे नाही ते नाही, हे दाखवायचं कसं? असलेली वस्तू दाखवता येते हो. नसलेली कशी दाखवणार?

आणि देवाची करणी बघा. त्याच वेळी दारातून पिवळी कापडी पिशवी घेऊन सेतुमाधवराव आत आले. पिशवीत पिस्तूल. ते जमा करायलाच आले होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

“अण्णा, तुम्हीही आलां?”

“यांना ओळखता ना?” इन्स्पेक्टरांनी विचारलं. “यांच्याकडे पिस्तूल आहे की नाही?”

इथे मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली की सेतुमाधवरावांनी माझा अपमान करावा. ‘हा माणूस थापाड्या आहे,’ एवढं म्हणावं. पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं अण्णा अडचणीत आहेत, अण्णांना सांभाळून घेतलं पाहिजे. आणि त्यांना सांभाळून घ्यायची एकच रीत माहीत.

“सार, अण्णा थोर माणूस,” ते हात जोडून म्हणाले. “ज्यांनी हे बनवलं त्यांना नसेल तेवढी माहिती अण्णांना आहे. मला तर यांनीच शिकवलं. शेवटची गोळी भरू नका, घामाचा हात लावू नका. अनुभवी माणूस, सार.”

“यांचं पिस्तूल तुम्ही पाहिलंय?”

“नाही सार. अण्णा दाखवणाऱ्यांतले नव्हेत. फार साधे.”

इतकी वर्षं मी या माणसाच्या तोंडून कौतुक ऐकायला तरसलो होतो. ते आलं, आणि नेमकं आज आलं. एकेका शब्दाबरोबर माझा तुरुंगवास वाढत होता, आणि हे गृहस्थ थांबायला तयार नव्हते.

शेवटी अंबुजाच पुढे झाली. “सार,” ती तमिळमध्ये म्हणाली, “यांना घरातली कात्री सापडत नाही. नारळ फोडायला शेजारचा मुलगा येतो. यांच्याकडे पिस्तूल असतं तर आतापर्यंत यांनी स्वतःच्याच पायावर झाडलं असतं.”

इन्स्पेक्टरांनी कॉन्स्टेबलला खूण केली. त्याने सेतुमाधवरावांचं पिस्तूल घेतलं, आतल्या गोळ्या काढल्या, रिकामं आहे हे दोनदा तपासलं, रिकामं मॅगझीन परत लावलं आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं.

“बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे ना?” इन्स्पेक्टर म्हणाले. “मॅगझीन काढून दाखवा.”

मी त्या पिस्तुलाला पहिल्यांदा हात लावत होतो. एवढं वाचलं, पण ते इतकं जड असतं हे कोणी लिहिलं नव्हतं. किंवा लिहिलं असेल, स्तुती समजून मी गाळलं असेल. मी वरून ओढलं. हललं नाही. बाजूने दाबलं. काही झालं नाही. मग लोणच्याच्या बरणीसारखं एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने पिळायला बघितलं. कॉन्स्टेबल म्हणाला, “सार, तोंड भिंतीकडे.” मी माझं तोंड भिंतीकडे केलं. तो म्हणाला, “तुमचं नाही सार, पिस्तुलाचं.” दुनळीवाल्या मिरासदारांना ते बघवेना, त्यांनी दयेने मान दुसरीकडे वळवली.

“याचं झाकण कुठून उघडतं?” मी शेवटी विचारलं.

सगळं स्टेशन हसलं. लॉकअपमधला माणूसही हसला. इन्स्पेक्टरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि रुमालाने डोळे पुसले. “इवरुक्कु ओण्णुम तेरियादु,” ते म्हणाले. यांना काही म्हणजे काही येत नाही. “जा सार, घरी जा. एवढं न येणारा माणूस मी अजून बघितला नव्हता.”

सुटलो हो. कोणाही शहाण्या माणसाने त्या क्षणी चप्पल घातली असती आणि रस्ता धरला असता. मीही वळलो होतो. पण सेतुमाधवरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, “असूं दे अण्णा. मजही पहिल्या दिवशीं आलें नव्हतें. सरोजेस आलें.”

सरोजेस आलें. कणकेला पाणी किती घालायचं ते आईला फोन करून विचारणारी सरोजा. माझ्या पोटात जी कळ उठली ती थेट जिभेवर आली.

“आलं असेल,” मी म्हणालो. “पण तुमच्या याची स्प्रिंगच घट्ट आहे. माझ्यावाल्यात—”

अंबुजाने कपाळावर हात मारला. इन्स्पेक्टरांनी सावकाश टोपी उचलली आणि परत डोक्यावर घातली.

“तुमच्यावाल्यात काय?”

आता पळायला जागा नव्हती. मी बाकावरच्या सगळ्यांच्या देखत उभा राहिलो आणि तमिळमध्ये, मोठ्याने, सगळं सांगून टाकलं. “माझ्यावालं नाही, सार. माझ्याकडे पिस्तूल नाही. या साडूंचं पिस्तूल बघून माझ्या पोटात दुखलं, म्हणून मी लोकांनी लिहिलेल्या तक्रारी शोधून पाठ केल्या आणि माझ्या म्हणून सांगितल्या. त्यांतला प्रत्येक जण शेवटी लिहीत होता की हे पिस्तूल मी विकणार नाही. ते मी कोणाला सांगितलं नाही. मला यांचा हेवा वाटतो, सार. यांच्या मोटारीचा वाटतो, बंगल्याचा वाटतो, सासूबाई यांना पोळीचा आग्रह करतात त्याचाही वाटतो. पिस्तूल चांगलं आहे. फार चांगलं आहे.”

बोलून झालं आणि काय सांगू, इतकं हलकं वाटलं. आयुधपूजेपासून घशात अडकलेलं निघून गेलं. इन्स्पेक्टरांनी समोरची फाइल मिटली. “हे खरं आहे,” ते म्हणाले. “असलं खोटं कोणी रचत नाही. जा आता. आणि पंगतीत जरा कमी बोलत जा.”

मी सेतुमाधवरावांकडे वळलो. म्हटलं, आता चिडतील, बोलतील, बोलू देत. पण ते मटकन बाकावर बसले होते, मिरासदारांच्या शेजारी. चेहरा उतरलेला.

“अण्णा,” ते म्हणाले, “हें तुम्ही आत्तां सांगतां?”

“का हो, काय झालं?”

“तुमच्या बोलण्यावरून मी हें विकायास काढलें. गिऱ्हाईकही ठरलें. निवडणूक सरली की दुसरें घेतों, याहून फार भारी. बुक करून टाकलें. सरोजाच म्हणटली, भावजी इतकें जीव तोडून सांगतात, तर चांगलेंच घ्यावें.”

“कुठलं?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

सेतुमाधवरावांनी नाव सांगितलं. इन्स्पेक्टर खुर्चीतून अर्धे उठले. बँकेचा पहारेकरी पूर्ण उठला. म्हाताऱ्या मिरासदारांनी दुनळी बाजूला ठेवली आणि सेतुमाधवरावांचा हात धरून म्हणाले, “तंबी, आलं की मला एकदा दाखव.” आणि अंबुजा, माझी बायको, आत्ता आत्ता मला तुरुंगातून सोडवणारी, तिने विचारलं, “तें याहूनही सुबक असतें काय?”

मी बाहेर येऊन स्टेशनच्या पायरीवर बसलो. आत सगळे त्या नव्या पिस्तुलाबद्दल बोलत होते. मी खिशातून फोन काढला, चष्मा लावला, आणि ज्यांच्याकडे ते पिस्तूल आहे त्यांची मतं वाचायला घेतली. पंजाबची वाचली, लखनौची वाचली, कूर्गची वाचली. अंबुजा बाहेर येऊन हाका मारेपर्यंत वाचत होतो.

एकाचीही तक्रार नव्हती.